टेक्सासने मेक्सिकोच्या राज्यांशी करार केले, पण कुठल्या अधिकारात?

माझा मावसभाऊ डॅलसला असतो आणि तिथल्या राजकारणावरून आमच्या फॅमिली ग्रुपवर अधूनमधून चांगलीच जुंपते. मध्यंतरी त्याने लिहिलं की आमच्या गव्हर्नरने तर वॉशिंग्टनला न विचारता मेक्सिकोच्या चार राज्यांशी बॉर्डर सिक्युरिटीचे करार केले होते. त्यावर काकांनी एकच प्रश्न टाकला, "म्हणजे उद्या पंजाबच्या मुख्यमंत्र्याने लाहोरला जाऊन सही केली तर चालेल का रे?" ग्रुप शांत. दोन अंगठे आले आणि मग कोणीतरी गुड नाईटचं फूल टाकलं.

काकांचा प्रश्न भारी होता, पण त्याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. म्हणून जरा बैजवार लिहितोय.

आधी झालं काय ते बघू

एप्रिल २०२२. बायडन सरकारने जाहीर केलं की टायटल ४२ आम्ही २३ मे पासून बंद करणार. टायटल ४२ म्हणजे कोविडच्या नावाखाली २०२० साली लागू केलेला नियम, सीमेवर पकडलेल्या माणसाला आश्रयाचा अर्जबिर्ज न ऐकता लगेच परत पाठवायचा. टेक्सासचे गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट भडकले. ६ एप्रिलला त्यांनी हुकूम काढला की मेक्सिकोतून येणारा प्रत्येक मालट्रक आमचे राज्याचे पोलीस तपासतील.

आता गंमत बघा, तो ट्रक आधीच तपासलेला असतो. पुलावर केंद्राचं कस्टम्स खातं कागद बघतं, एक्स-रे काढतं, कुत्रा फिरवतं आणि मग सोडतं. अ‍ॅबटनी काय केलं, तर तिथून थोडं पुढे राज्याचा दुसरा नाका लावला. आपल्याकडे टोल भरून गाडी जरा पुढे गेली की आरटीओचा माणूस हात दाखवतो ना, सेम तसं. राज्याला ड्रग्ज किंवा माणसं शोधायला कस्टम्सचा अधिकार नाही, पण ब्रेक, टायर, इंडिकेटर तपासायचा अधिकार शंभर टक्के आहे, कारण रस्ता त्यांचा.

फार नावाचं गाव आहे तिथे. त्याच्या पुलावरून मेक्सिकोची भाजी आणि फळं अमेरिकेत येतात, आणि त्या आठवड्यात फारच्या पुलावरची रांग फारच झाली (सॉरी, राहवलं नाही). ड्रायव्हर एक दिवसाच्याही वर रांगेत अडकले, खाण्यापिण्याचे हाल, संडासची सोय नाही, रेफ्रिजरेटेड ट्रकचं इंजिन चालू ठेवून डिझेल संपत आलेलं आणि मागे अ‍ॅव्होकाडो पिकतोय. वैतागून मेक्सिकन ड्रायव्हरांनीच पूल अडवला. केंद्राच्या कस्टम्स खात्याने सांगितलं की काही ठिकाणी मालवाहतूक ६० टक्क्यांपर्यंत घसरली. अ‍ॅबटच्याच पक्षाचे कृषी आयुक्त सिड मिलर उघड टीका करायला लागले.

आणि मग १३ एप्रिलला अ‍ॅबट आणि न्यूवो लेऑन राज्याचे गव्हर्नर सॅम्युएल गार्सिया टेक्सासमधल्या लारेडो गावात कॅमेऱ्यांसमोर बसले, करारावर सह्या केल्या आणि त्या राज्याच्या पुलावरची जास्तीची तपासणी बंद. दुसऱ्या दिवशी चिवावा आणि कोआविला, त्याच्या पुढच्या दिवशी तामाउलिपास. चार राज्यं, तीन दिवस. न्यूवो लेऑनची टेक्सासला लागलेली सीमा जेमतेम १४-१५ किलोमीटर आणि पूल एकच, कोलंबिया नावाचा, त्यामुळे त्यांचा नंबर पहिला लागला यात नवल नाही.

करारात काय होतं? आम्ही आमच्या बाजूला चेकपोस्ट ठेवू, गस्त घालू, ड्रोन उडवू वगैरे. त्यातलं बरंचसं ती राज्यं आधीपासूनच करत होती किंवा करणार होती.

सामाईक सातबारा आणि धाकटा भाऊ

आता कायदा. समजा जमिनीचा सातबारा चार भावांच्या नावावर आहे. शेजाऱ्याच्या बांधाला लागून जे वावर आहे ते धाकटा कसतो. शेजाऱ्याची गुरं आत येतात तेव्हा नुकसान धाकट्याचं होतं, थोरला बसलाय तालुक्याच्या गावी. मग धाकटा शेजाऱ्याला जाऊन म्हणू शकतो का, की बाबा तू तुझी गुरं सांभाळ, मीही रात्री चक्कर मारत जाईन? म्हणू शकतो, कोणी नाही म्हणणार नाही. पण बांध दोन हात सरकवून द्यायचं तो एकटा लिहून देऊ शकतो का? नाही. तिथे सगळ्यांच्या सह्या लागतात आणि शेजारी शहाणा असेल तर तो स्वतःच विचारेल, सातबाऱ्यावर अजून कोणाकोणाची नावं आहेत?

अमेरिकेच्या राज्यघटनेत पहिल्याच आर्टिकलच्या दहाव्या सेक्शनमध्ये हेच लिहिलंय, फक्त दोन पायऱ्यांमध्ये. पहिली पायरी: कुठल्याही राज्याने परदेशाशी तह करायचा नाही. इथे पण-बिण काही नाही, काँग्रेसने म्हणजे त्यांच्या संसदेने परवानगी दिली तरी नाही. दुसरी पायरी: काँग्रेसच्या संमतीशिवाय राज्याने दुसऱ्या राज्याशी किंवा परकीय सत्तेशी 'अ‍ॅग्रीमेंट ऑर कॉम्पॅक्ट' करायचं नाही. याला कॉम्पॅक्ट क्लॉज म्हणतात, मी पुढे नुसतं 'पक्का करार' म्हणेन.

तह आणि पक्का करार यात नेमका फरक काय? घटना लिहिणाऱ्यांनी ते सांगितलंच नाही. सव्वादोनशे वर्षं वकिलांची घरं त्यावर चालली आहेत.

आणि हो, पलीकडे बसलेलेही धाकटे भाऊच होते. मेक्सिकोच्या घटनेचं ११७ वं कलम तिथल्या राज्यांना परकीय सत्तेशी तह किंवा युती करायला साफ मनाई करतं. १९९२ च्या त्यांच्या एका कायद्याने राज्यांना परदेशातल्या सरकारी संस्थांशी आपापल्या कामापुरते समझोते करायची मुभा आहे, तेवढंच. म्हणजे लारेडोत सही करायला बसलेल्या दोघांपैकी एकाकडेही सगळा सातबारा नव्हता.

मग हे करार बेकायदेशीर का ठरले नाहीत?

वरची मनाई शब्दशः वाचली तर ठरायला हवेत, बरोबर? संमती घेतली नाही, परकीय राज्याशी कागद केला. एकेकाळी कोर्टाचा कल असाच होता. १८४० साली व्हरमाँटच्या गव्हर्नरने क्वेबेकमध्ये खुनाचा आरोप असलेल्या एका माणसाला पकडून कॅनडाच्या ताब्यात द्यायचं ठरवलं. करार नाही, कागद नाही, नुसतं ठरवलं. सुप्रीम कोर्टात न्यायाधीश चार विरुद्ध चार फुटले, पण सरन्यायाधीश टॅनी यांचं म्हणणं होतं की असं परस्पर ठरवून माणूस हवाली करणं हाही परकीय सत्तेशी केलेला करारच झाला.

पण १८९३ मध्ये व्हर्जिनिया आणि टेनेसीच्या हद्दीच्या भांडणात कोर्टाने गाठ सैल केली. म्हणाले, प्रत्येक बारीकसारीक समझोत्याला संमती कशाला, ज्या कराराने राज्याची राजकीय ताकद वाढते आणि केंद्राच्या अधिकारावर अतिक्रमण होतं त्यालाच संमती हवी. तेव्हापासून ही पट्टी लावतात. आणि या पट्टीने मोजलं तर अ‍ॅबटचे कागद बिनधोक आहेत, का, तर त्यात दमच नव्हता. ते सामंजस्य करार होते, म्हणजे दोघांनी चांगल्या मनाने काय करायचं ते लिहिलंय, पण एकाने पाळलं नाही तर दुसरा कोर्टात जाऊ शकत नाही. आपल्याकडे दावोसला कंपन्यांशी धडाधड एमओयू होतात आणि नंतर त्यातले किती कारखाने उभे राहिले यावर अधिवेशनात गोंधळ होतो, त्याच जातीचा कागद.

हा फरक सगळ्यात छान दिसतो तो ग्रेट लेक्सच्या, म्हणजे अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या मोठ्या तळ्यांच्या, पाण्यात. तिथल्या आठ अमेरिकन राज्यांना आणि कॅनडाच्या ओंटारिओ व क्वेबेक प्रांतांना मिळून ठरवायचं होतं की तळ्यांचं पाणी खोऱ्याबाहेर न्यायचं नाही. त्यांनी विषय एक आणि कागद दोन केले. आठ राज्यांनी आपापसात पक्का करार केला आणि २००८ मध्ये काँग्रेसची रीतसर संमती घेतली. कॅनडाच्या प्रांतांबरोबरचा २००५ चा कागद मात्र मुद्दाम मऊ ठेवला, सद्भावनेवर चालणारा. वकिलांनी नीट ओळखलं होतं की परदेशी हात आला की पेन जपून धरायचं. संमती मागितली तर मिळत नाही असंही नाही बरं का, जंगलातल्या वणव्यांसाठी ईशान्येकडच्या राज्यांचा १९४९ चा करार आहे, त्यात कॅनडाच्या प्रांतांना घ्यायला काँग्रेसने संमती दिलेली आहे. आग सीमा बघत नाही.

कागदात दम नव्हता तर मेक्सिकोवाले सह्या करायला धावत का आले?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे आणि बातम्यांमध्ये तोच निसटतो. सगळे विचारत होते की गव्हर्नरला करार करायचा अधिकार आहे का. पण ताकद कागदात नव्हतीच, ती त्या दुसऱ्या नाक्यात होती. टायर तपासायचा साधा आरटीओछाप अधिकार वापरून एका राज्याने दोन देशांमधला व्यापार आवळला आणि पलीकडच्या गव्हर्नरांना टेबलावर आणलं. म्हणजे जे परराष्ट्र धोरण करायची मनाई आहे ते इंडिकेटरच्या बल्बमधून केलं.

तपासणीत सापडलं काय? राज्य पोलिसांच्याच आकड्यांप्रमाणे ड्रग्ज नाहीत, लपवलेली माणसं नाहीत. शेकडो ट्रक मात्र खराब टायर, बंद दिवे, गळकं ऑइल यासाठी बाजूला काढले. टेक्सासमधल्या पेरीमन ग्रुप या अर्थतज्ज्ञांच्या फर्मने राज्याच्या नुकसानीचा अंदाज काढला तो सुमारे ४.२ अब्ज डॉलर.

अ‍ॅबटचे समर्थक म्हणतील, म्हणूनच तर जमलं, वॉशिंग्टनला वर्षानुवर्षं जमत नव्हतं ते यांनी दहा दिवसात केलं. खरंय, सह्या मिळाल्या. पण त्या सह्यांनी पुढे काही फरक पडला असता तर सप्टेंबर २०२३ मध्ये तोच तपासणीचा खेळ परत करावा लागला नसता. धाकट्याने शेजाऱ्याची पाऊलवाट अडवली, शेजाऱ्याने "बरं बाबा, गुरं सांभाळतो" म्हटलं, वाट उघडली, गुरं आहेत तशीच आहेत.

"घरात चोर शिरतायत आणि केंद्र झोपलंय, मग राज्याने काय हातावर हात ठेवून बसायचं?"

हा आक्षेप दरवेळी येतो, आणि तो येणं रास्त आहे. सीमेवरच्या गावात शाळा, दवाखाना, पोलीस या सगळ्यावर ताण राज्याचा येतो. मार्च २०२१ पासून टेक्सासने ऑपरेशन लोन स्टार नावाने सीमेच्या बंदोबस्तावर सुमारे ११ अब्ज डॉलर खर्च केले.

घटनेत एक फट आहे. त्याच दहाव्या सेक्शनमध्ये लिहिलंय की राज्याने युद्ध करायचं नाही, पण प्रत्यक्ष आक्रमण झालं किंवा उशीर परवडणार नाही असा धोका असेल तर गोष्ट वेगळी. जानेवारी २०२४ मध्ये अ‍ॅबट म्हणाले, हेच ते आक्रमण. २५ रिपब्लिकन गव्हर्नर त्यांच्या मागे उभे राहिले. तेव्हा ईगल पास गावात राज्याच्या सैनिकांनी नदीकाठचं शेल्बी पार्क ताब्यात घेऊन केंद्राच्याच बॉर्डर पेट्रोलला बाहेर ठेवलं होतं, म्हणजे धाकट्याने थोरल्याला गोठ्यात शिरू दिलं नाही. राज्याने तिथे लावलेल्या काटेरी तारेचा वाद सुप्रीम कोर्टात गेला आणि ५ विरुद्ध ४ ने केंद्राला तार कापायची तात्पुरती मोकळीक मिळाली.

आक्रमण म्हणजे बंदुका घेऊन आलेलं सैन्य की पोरंबाळं घेऊन आलेले लोक? जेम्स मॅडिसन यांनी १८०० साली लिहून ठेवलंय की आक्रमण ही युद्धाची कृती आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये टेक्सासमधले फेडरल न्यायाधीश डेव्हिड एझरा यांनी स्थलांतराला आक्रमण म्हणायला नकार दिला.

ते प्रकरण होतं एसबी ४ या कायद्याचं. मेक्सिकोतून बेकायदा आलेल्या माणसाला टेक्सासचे पोलीस पकडणार आणि टेक्सासचा न्यायाधीश त्याला परत मेक्सिकोत जायचा आदेश देणार असा तो कायदा. १९ मार्च २०२४ ला सुप्रीम कोर्टाने तो तात्पुरता चालू होऊ दिला आणि काही तासात खालच्या अपील कोर्टाने परत थांबवला, नुसती पळापळ. पण त्याच दिवशी मेक्सिकोच्या परराष्ट्र खात्याने काय सांगितलं ते बघा: टेक्सासने पाठवलेला एकही माणूस आम्ही घेणार नाही, आम्ही बोलतो ते फक्त अमेरिकेच्या केंद्र सरकारशी.

अधिकार कोणाचा यावर कोर्टात वाट्टेल तेवढा कीस पाडा, माणूस परत पाठवायला पलीकडचं दार उघडावं लागतं. २०१२ मध्ये अ‍ॅरिझोनाच्या कायद्यातल्या चारपैकी तीन तरतुदी सुप्रीम कोर्टाने रद्द केल्या तेव्हा मुद्दा साधारण हाच होता, की इमिग्रेशनच्या बाबतीत परदेशांना पन्नास राज्यांशी नाही, एका देशाशी बोलता आलं पाहिजे.

बाय द वे, ट्रम्प परत आल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्सासच्या नॅशनल गार्डला म्हणजे राज्याच्या सैनिकांना इमिग्रेशनच्या अटकेचे अधिकार मिळाले, केंद्राच्याच खात्याशी करार करून. तत्त्वाचं भांडण होतं म्हणे.

हे फक्त रिपब्लिकन लोकांचं आहे का? छे

कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये क्वेबेकशी कार्बनच्या बाजाराचा करार केला, म्हणजे प्रदूषणाचे परवाने दोन्हीकडे विकता-घेता येतील. २०१९ मध्ये ट्रम्प सरकार कोर्टात गेलं, म्हणाले परदेशाशी करार करणारे तुम्ही कोण. मार्च २०२० मध्ये कोर्टाने कॅलिफोर्नियाच्या बाजूने कौल दिला, हा तहही नाही आणि संमती लागेल असा पक्का करारही नाही. आता अ‍ॅबटनी परस्पर करार केले तर घटनेचा अपमान आणि कॅलिफोर्नियाने केले तर पर्यावरणाची सेवा, किंवा बरोबर उलटं, तुम्ही कुठल्या पक्षाचे त्यावर अवलंबून.

आणि एक केस अशी की जिथे केंद्राने शब्द दिला आणि राज्याने पाळला नाही. परदेशी माणसाला अटक केली तर त्याला त्याच्या दूतावासाशी बोलता येतं हे सांगावं लागतं, असा अमेरिकेने मान्य केलेला आंतरराष्ट्रीय नियम आहे. फाशीची शिक्षा झालेल्या ५१ मेक्सिकन लोकांच्या बाबतीत तो पाळला नाही म्हणून २००४ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितलं, खटले परत तपासा. राष्ट्राध्यक्ष बुश, जे स्वतः आधी टेक्सासचे गव्हर्नर, त्यांनी राज्यांना ते पाळायला सांगितलं. टेक्सास म्हणालं नाही. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने टेक्सासचं ऐकलं: संसदेने कायदा केल्याशिवाय नुसत्या राष्ट्राध्यक्षाच्या पत्राने राज्यावर हे लादता येत नाही. त्याच ऑगस्टमध्ये त्या ५१ जणांपैकी होसे मेडेयिन याला विषाचं इंजेक्शन देऊन शिक्षा झाली.

आता काकांचा पंजाब

आपल्याकडे कागदावर तरी प्रकरण सोपं आहे. परराष्ट्र व्यवहार, परदेशांशी करार, व्हिसा-पासपोर्ट, माणसाला देशाबाहेर काढणं, सगळं केंद्राच्या यादीत. वर २५३ वं कलम, त्याप्रमाणे परदेशाशी झालेला करार अमलात आणायला संसद राज्याच्या विषयातसुद्धा कायदा करू शकते. राज्याची संमती अशी भानगडच नाही. मुंबई आणि जर्मनीतलं श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, त्या टाईपचं चालतं. लाहोरला जाऊन सीमेच्या सुरक्षेवर सही, नाही चालत.

पण प्रत्यक्षात? सप्टेंबर २०११ मध्ये मनमोहन सिंग ढाक्याला तीस्ता नदीच्या पाणीवाटपाचा करार करायला निघाले, ममता बॅनर्जींनी ऐनवेळी जायला नकार दिला आणि करार राहिला तो राहिलाच. २५३ वं कलम तेव्हाही होतं, पण ते वापरून बंगालच्या शेतकऱ्याचं पाणी द्यायची हिंमत कुठल्या सरकारची? उलट १९७४ चा बांगलादेशबरोबरचा जमिनीचा करार २०१५ मध्ये १०० वी घटनादुरुस्ती करून पूर्ण झाला, १६२ छोटे भूभाग इकडचे तिकडे झाले, कारण तेव्हा बंगालची तयारी होती.

म्यानमार सीमेवर अजून वेगळं. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमित शहांनी जाहीर केलं की सीमेवरच्या लोकांना व्हिसाशिवाय ये-जा करायची सवलत बंद. काही आठवड्यात मिझोराम आणि नागालँडच्या विधानसभांनी विरोधाचे ठराव केले. ठरावाला कायद्याने किंमत शून्य. पण नागालँडमधल्या लोंगवा गावात तिथल्या आंग म्हणजे राजाचं घरच सीमेवर आहे, अर्धं भारतात अर्धं म्यानमारमध्ये. तिथे जाऊन व्हिसा तपासायचा कोणी आणि कुठल्या खोलीच्या दारात?

हे सगळं मी ग्रुपवर तुकड्यातुकड्यात टाकलं. काकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेला रिप्लाय दिला, "सहीचं कळलं. पण अटारीला पंजाब पोलिसांनी ट्रकचे टायर तपासायला सुरुवात केली असती तर?" म्हटलं काका, तपासायला ट्रक हवेत. पहलगामनंतर एप्रिल २०२५ मध्ये अटारीचा नाकाच बंद केला, आणि तो निर्णय दिल्लीचा. तिथले हमाल मात्र पंजाबचेच.